अंगणाचा ताळेबंद

बेळगावात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणणार नाही. वर्षाकाठी साधारण १२०० मिलिमीटर पाऊस या गावाच्या वाट्याला येतो. पश्चिमेला, मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला तर तो कितीतरी पटींनी अधिक. पूर्वेला अथणी-रामदुर्गाकडे जावे तसतसा तो आटत जातो. आपले गाव या दोन टोकांच्या मधले. तरीही फाल्गुन लागला की गावातल्या निम्म्या घरांपुढच्या बागा माना टाकतात. पावसाळ्यात हौसेने आणलेली रोपे शिमग्याला वाळून जातात आणि कुंड्या तेवढ्या मागे उरतात. मग घरातले कोणीतरी म्हणते, "आपल्याकडे झाडे जगतच नाहीत."

झाडे जगत नाहीत हे खरे नव्हे. आपण लावतो ती झाडे जगत नाहीत, हे खरे. कोणती झाडे लावली तर ती थोड्या पाण्यात तग धरतील आणि त्यांच्या आधाराने चार पाखरे-फुलपाखरेही जगतील, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही. पण घरापुढचे अंगण हीदेखील एक पेढीच आहे आणि पेढी म्हटली की जमाखर्च आलाच. तेव्हा आपण हिशेबापासूनच सुरुवात करू.

आमच्या घरापुढची मोकळी जागा बारा फूट बाय पंधरा फूट आहे, म्हणजे सुमारे १७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. हे सूत्र एकदा लक्षात ठेवले की पुढचे गणित तोंडी करता येते. वर्षाला १२०० मिलिमीटर धरले तर आमच्या एवढ्याशा अंगणावर वीस हजार लिटर पाणी आकाशातून फुकट पडते. ही झाली जमेची बाजू.

आता खर्च पाहू. या जागेत मऊ हिरवळ, म्हणजे लॉन, लावले असे समजा. उन्हाळ्याच्या दिवसांत अशा हिरवळीतून रोज चार-पाच मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे आमच्या अंगणाला रोज सुमारे ७५ लिटर, पंधरा लिटरच्या पाच बादल्या. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचा खर्च झाला नऊ हजार लिटर. जमा वीस हजार आणि खर्च नऊ हजार! कागदावर ही पेढी भरभराटीत आहे. प्रत्यक्षात ती मार्चमध्ये दिवाळे काढते, कारण जमा सगळी जून ते सप्टेंबरच्या पानावर आणि खर्च सगळा फेब्रुवारी ते मेच्या पानावर. मधली शिल्लक पुढे ओढलेलीच नाही. ती गटारातून वाहून गेलेली असते.

मग या पाच बादल्या येणार कोठून? आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी पिंप, घागरी, हंडे, जे हाती लागेल ते भरून ठेवायचे, अशी रीत आहे. त्यातून पाच बादल्या उचलून अंगणात ओतायच्या कोणी, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत एकच असते: आईने. बागेचा विचार करताना हा श्रमाचा खर्च कोणी वहीत मांडत नाही. मला तो मांडावासा वाटतो.

तर आपल्याकडचा दुष्काळ हा पावसाचा दुष्काळ नसून महिन्यांचा दुष्काळ आहे. चार महिने धो धो, पुढे थोडा परतीचा पाऊस, नंतर चार-पाच महिने जवळजवळ कोरडे आणि शेवटी एप्रिल-मेमधले वळवाचे दोन-चार शिडकावे. म्हणून येथल्या झाडाला दोन पेपर द्यावे लागतात. एक आषाढाचा आणि दुसरा चैत्राचा. दोन्हींत पास होईल तेच आपले झाड. पाणी कमी लागते म्हणून लोक वाळवंटातले काटेरी निवडुंग आणून लावतात. चैत्राच्या पेपरात ते पहिल्या वर्गात येतात, पण आषाढात महिनाभर पाय ओले राहिले की मुळे कुजतात. उलट सोनटक्का आणि कर्दळ आषाढात डौलात उभ्या असतात. चैत्रात त्यांना बादलीवर बादली हवी.

दोन्ही पेपरांची तयारी करून बसलेली झाडे शोधायला फार लांब जावे लागत नाही. घाटमाथ्यापासून माळापर्यंतच्या आपल्या रानात ती हजारो वर्षे हेच करत आली आहेत. त्यांच्या युक्त्या समजून घेतल्या तर रोप पाहूनच पुष्कळसा अंदाज बांधता येतो.

पहिली युक्ती काटकसरीची. झाडाचे बहुतेक पाणी पानांवाटे उडते. म्हणून पळस, पांगारा, बहावा ही झाडे पाणी तुटू लागले की पानेच गाळून टाकतात, आणि शाखा मिटवलेल्या पेढीसारखी अंग आखडून राहतात. पान गळलेले झाड मेले असे समजून ते तोडणारे लोक मी पाहिले आहेत. तेच झाड थोड्या दिवसांनी फुलांनी भरून जायचे असते.

दुसरी युक्ती कुलूप लावण्याची. कण्हेरीचे पान हातात घेऊन पाहा. ते जाड, चिवट आणि कातड्यासारखे लागते. पानाची श्वासरंध्रे खालच्या बाजूला बारीक खड्ड्यांत दडलेली असतात आणि त्या खड्ड्यांच्या तोंडाशी लव असते. त्यामुळे कोरडा वारा थेट आत शिरत नाही. रुईच्या पानावर पांढुरकी भुकटी दिसते, तीही अशीच राखण करते.

तिसरी युक्ती साठवणीची. कोरफड आणि पानफुटी पानांतच पाणी साठवतात आणि दिवसा श्वासरंध्रे मिटून घेऊन ती रात्रीच्या गारव्यात उघडतात. मात्र ही मंडळी आषाढाच्या पेपराला जरा कच्ची. त्यांना उंचवट्यावर, वाळू-खडे मिसळलेल्या मातीत जागा द्यावी. शतावरी आणि गुलबाक्षी यांची साठवण जमिनीखाली असते. वरचा पाला वाळला तरी खाली भांडवल शाबूत राहते आणि मृगाचा पाऊस पडला की दुकान पुन्हा उघडते.

येथवर पहिला प्रश्न झाला: झाड जगेल का? दुसरा प्रश्न असा की त्याच्यावर आणखी कोण जगेल?

या प्रश्नाचे उत्तर देताना आपण बहुधा फुलांकडे पाहतो. फुलात मध असला की फुलपाखरू येणार, हे बालवाडीतले पोरही सांगेल. पण फुलपाखरू मधासाठी कोणत्याही दारी जाते. अंडी मात्र ते ठरावीक झाडांवरच घालते, कारण त्याच्या अळीला त्याच झाडांचे पान चालते. फुले म्हणजे खाणावळ आणि पान म्हणजे बाळंतघर. केवळ फुलांच्या अंगणात फुलपाखरे पाहुणी म्हणून येतात. पानांची सोय असेल तरच ती तेथली रहिवासी होतात.

ही पानांची यादी आपल्या ओळखीचीच आहे. कढीलिंबावर कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. लिंबाच्या झाडावर लाइम बटरफ्लायच्या. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य-फुलपाखरू म्हणून निवडलेले मोठे काळे-निळे ब्ल्यू मॉर्मन हेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालते. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, बहाव्यावर पिवळसर एमिग्रंट, कोरांटीवर पॅन्सी. पानफुटीची गोष्ट तर गंमतीची आहे. रेड पिएरो नावाच्या चिमुकल्या फुलपाखराची अळी तिच्या जाड पानाच्या आतच शिरते आणि पान आतून पोखरत मोठी होते.

येथे गृहिणी आणि माळी दोघेही दचकतील. अळ्या? आणि त्या मुद्दाम बोलवायच्या? होय. कारण पाखरांचा सारा संसार या अळ्यांवर उभा आहे. बुलबुल एरवी फळे खातो, शिंजीर फुलांतला मध पितो, पण पिलांना वाढीसाठी किडे-अळ्याच लागतात. शिंपी पक्षी तर जन्मभर मुख्यतः किड्यांवर जगतो. ज्या अंगणात औषध फवारून एकही पान कुरतडू दिले जात नाही, त्या अंगणात पाखराने घरटे बांधून पिलांना भरवायचे काय? कुरतडलेले पान हा अंगणाचा चालू खर्च आहे, तोटा नव्हे. कढीलिंबाची चार पाने अळीने खाल्ली म्हणून आमटीला फोडणी कमी पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही. निरोगी झाड तेवढी पाने पुन्हा फोडते.

आता तिसरा प्रश्न. तो सहसा विचारला जात नाही, पण तो न विचारल्याने फार मोठे नुकसान झाले आहे. हे झाड कुंपणाबाहेर गेल्यावर काय करील?

घाणेरीचे उदाहरण घ्या. काही जण तिला टणटणी म्हणतात. पाणी नको, खत नको, गुरे तोंड लावत नाहीत, रंगीबेरंगी फुले बारा महिने, फुलपाखरांची झुंबड आणि पाखरांना आवडणारी काळी फळे. आपल्या दोन्ही प्रश्नांना तिला पैकीच्या पैकी गुण मिळतील. परंतु तीच फळे खाऊन पाखरे तिचे बी रानभर पेरतात. अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून आलेल्या या घाणेरीने देशभरातल्या जंगलांत एवढा विस्तार केला आहे की तिच्या दाट जाळीखाली गवत आणि रानातली मूळची रोपे उगवेनाशी झाली आहेत. आपल्या अंगणातला नफा म्हणजे शेजारच्या रानाचे बुडीत कर्ज, असा हा व्यवहार आहे. तो टाळलेलाच बरा.

याचा अर्थ परदेशातून आलेले प्रत्येक झाड वाईट असा नाही. सदाफुली मादागास्करची, गुलबाक्षी आणि देवचाफा अमेरिकेकडचे. पण आपल्या अंगणांत ती पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत आणि त्यांनी आपली राने गिळलेली नाहीत. प्रश्न जन्मगावाचा नसून वागणुकीचा आहे.

या तीन कसोट्यांवर घासून मी जी निवड केली ती येथे देते. आपल्या दुभाषी गावात रोपवाटिकेतला माळी बहुधा कन्नड बोलतो, म्हणून काही नावे दोन्ही भाषांत देणे सोयीचे होईल.

कुंपणासाठी मेंदी किंवा करवंद. मेंदी छाटून आटोपशीर ठेवता येते आणि तिच्या फुलांच्या वासाने मधमाश्या येतात. करवंदाला, कन्नडमध्ये कवळी, काटे असतात. म्हणून ते वाटेपासून दूर लावावे. त्या काट्यांच्या आडोशाला बुलबुल निर्धास्त घरटे करतात आणि उन्हाळ्यात फळ मिळते ते वेगळेच.

झुडपांत कोरांटी, अडुळसा, म्हणजे आडुसोगे, आणि निर्गुडी, म्हणजे लक्की. तिन्ही काटक. अडुळशाच्या पांढऱ्या फुलांवर मोठे काळे भुंगे तुटून पडतात, निर्गुडीच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्या. जागा उतारावर असेल तर धायटी जरूर लावावी. घाटमाथ्यावरच्या उघड्या उतारांवर ती आपोआप वाढते आणि ऐन कोरड्या दिवसांत तिच्या लालभडक नळीदार फुलांनी शिंजिरांची सोय होते. अबोलीला, म्हणजे कनकांबराला, अर्धी सावली आणि अधूनमधून पाणी लागते; पण गजऱ्याचा विचार करता एवढा खर्च परवडतो.

लहान वृक्षांत पारिजातक, कढीलिंब, म्हणजे करिबेवु, आणि शेवगा, म्हणजे नुग्गे. पारिजातक रात्री फुलतो आणि निशाचर पतंगांना बोलावतो. शेवग्याची फुले मधमाश्या आणि शिंजीर दोघांनाही चालतात. फांद्या मात्र ठिसूळ, म्हणून तो घराच्या पत्र्यावर झुकू देऊ नये. बहावा, म्हणजे कक्के, सुंदर खरा, पण त्याला मोठी जागा हवी. कडुनिंब, म्हणजे बेवु, तर अंगणात मावणारच नाही. तो रस्त्याच्या कडेला शोभतो. पाडव्याला आणि युगादीला दोन्ही भाषांतली घरे त्याच एका झाडापाशी येतात.

दोन इशारे येथेच दिले पाहिजेत. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. मारुतीच्या माळेसाठी रुई दारी असावी असे वाटणे साहजिक आहे. पण घरात रांगते मूल किंवा दावणीला शेळी असेल तर ही दोन्ही झाडे वगळावीत. साप येतील या भीतीबद्दल सांगायचे तर साप झाडासाठी येत नाही; तो उंदीर-बेडकांसाठी येतो. झुडपांची तळची फूटभर पालवी छाटून ठेवावी, उंबऱ्याला लागून दाट जाळी करू नये आणि अडगळ साठवू नये, म्हणजे पुरे.

निवड झाली, आता लागवड. "दुष्काळ सोसणारे झाड" याचा अर्थ पहिल्या दिवसापासून सोसणारे असा नव्हे. मुळे खोल जायला एक पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा लागतो. तेवढे वर्ष पाणी घालावे लागते. ही भांडवली गुंतवणूक आहे. ती केली तर पुढे चालू खर्च घटतो. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की रोपे लावावीत. त्याआधी मातीची परीक्षा घ्यावी. फूटभर खड्डा खणून तो पाण्याने भरावा आणि पाणी मुरायला किती वेळ लागतो ते पाहावे. तांबड्या मातीत ते लवकर मुरते. काळ्या चिकण मातीत ते तासन् तास उभे राहते. तेथे वाफा उंच करून लावावे, नाहीतर आषाढाचा पेपर हुकला म्हणून समजा.

दिवाळीनंतर झाडांच्या बुंध्याभोवती चार बोटे जाडीचा पाचोळा पसरावा. झाडलेला पाचोळा जाळणे म्हणजे हातातली हुंडी जाळणे. तो मातीतले पाणी उडू देत नाही आणि पुढच्या पावसात त्याचेच खत होते. लिंबासारख्या तहानलेल्या झाडाशेजारी मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून झाकावे. मडके पाझरत राहते आणि मुळे हवे तेवढे पाणी ओढून घेतात. खानापूरची मडकी त्यासाठी उत्तम. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी खुशाल झाडांना घालावे, साबणाचे मात्र टाळावे. पाखरांसाठी सावलीत एक पसरट परळ ठेवावा आणि त्यातले पाणी दर दुसऱ्या दिवशी बदलावे, म्हणजे डासांची पैदास होत नाही.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून आमच्या घरचा अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी बाबांनी सगळे अंगण पेव्हर ब्लॉकने बंद करण्याचे ठरवले होते. त्यांची कारणे रास्त होती: स्कूटरला जागा होईल, चिखल होणार नाही, पाण्याची कटकट मिटेल. आई काही बोलली नाही. तिने तुळशीवृंदावनाकडे पाहिले, एवढेच. मी वर दिलेला हिशेब कागदावर मांडून दोघांपुढे ठेवला. फरशीखाली गेलेले अंगण वीस हजार लिटरपैकी जवळजवळ काहीच जमिनीत मुरू देत नाही, हा आकडा बाबांना पटला. शेवटी गेटपासून पायरीपर्यंत चार फुटांची फरशी झाली आणि उरलेली आठ फूट रुंद जमीन मोकळी राहिली. तुळस जागच्या जागी आहे. मेंदी, कढीलिंब, पारिजातक, कोरांटी, अबोली आणि पानफुटी एवढी मंडळी तेथे सुखाने राहतात. पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड पाणी घातले. या उन्हाळ्यात दर चौथ्या दिवशी तीन बादल्या पुरल्या, म्हणजे चार महिन्यांत साधारण १,३५० लिटर. हिरवळीचा अंदाज नऊ हजारांचा होता, हे वाचकांच्या लक्षात असेलच. फरक साडेसात हजार लिटरचा, आणि तो सगळा आईच्या खांद्यावरून उतरला.

ताळेबंदात काही गोष्टी रुपयांत मांडता येत नाहीत, असे आम्हाला वर्गात शिकवतात. त्यांची नोंद तळटीपेत करावी लागते. बुलबुलाचे घरटे, पानफुटीतली अळी आणि रात्री दरवळणारा पारिजातक या अंगणाच्या तळटिपा आहेत. घरातली यंत्रे, वाहने, फर्निचर यांच्यावर दरवर्षी घसारा धरावा लागतो. झाड ही मला ठाऊक असलेली एकमेव मालमत्ता, जिची किंमत वयाबरोबर वाढते.

कॉलेजातल्या प्रत्येक घरापुढे अंगण असेल असे नाही. पण गॅलरीतली एक पानफुटी, खिडकीतली एक तुळस किंवा वसतिगृहाच्या भिंतीलगतची हातभर माती तर असेल. मृगाला फार दिवस राहिलेले नाहीत. रोप विकत घेण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न विचारा: आषाढ आणि चैत्र दोन्ही काढशील का? तुझ्यावर आणखी कोण जगेल? आणि कुंपणाबाहेर गेलास तर कसा वागशील? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर पैसे मोजा आणि खड्डा खणायला घ्या.